तिसरं कडवं

भीमगीतांच्या कॅसेटमधल्या एका गाण्याचं तिसरं कडवं जयवंताचं होतं, पाळणा हलवता हलवता तिनंच जुळवलेलं. सीताबर्डीच्या स्टुडिओत मिक्सरवर कोरसच्या बायांना मिळून आवाजाचं एक बटण होतं. तिला मात्र वेगळं, खाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. काल ती गाताना नवऱ्यानं रडतं बाळ आत आणलं. “घे वं, माह्याच्यानं नाही सांभाळल्या जात.” आज मिक्सिंगला रेकॉर्डिस्ट म्हणाला, “लेकराचं रडणं ताईच्याच ट्रॅकवर आलं. ते काढलं त आवाजही जाते.” “जाऊ द्या,” नवरा म्हणाला, “मीच म्हणतो ते कडवं.” “मी म्हणते ना पुन्हा,” जयवंता म्हणाली. “अन् याले कोण धरते?” नवऱ्यानं विचारलं. रेकॉर्डिस्टनं बटण खाली ओढलं, पट्टी सोलून टाकली. काचेपलीकडे नवरा गाऊ लागला. मांडीवरचं बाळ कुरकुरलं, तशी ती तेच कडवं गुणगुणू लागली. रेकॉर्डिस्ट वळला, “ताई, चूप राहा. गाणं चालू आहे.”