मेणाची गोष्ट

"ही व्युत्पत्ती खोटी आहे, सर," ग्रेसी लोपीस स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाली.

इंग्रजीचे विभागप्रमुख खांडेपारकर सर गेली तीस वर्षं 'सिन्सिअरली' या शब्दाची गोष्ट वर्गात रंगवून सांगत. लबाड रोमन शिल्पकार पुतळ्याच्या भेगा मेणानं बुजवत. प्रामाणिक कारागिराचा पुतळा मात्र 'सिने केरा', म्हणजे मेणाविना. मुलं टाळ्या वाजवत. यंदाच रुजू झालेल्या ग्रेसीनं त्याच मुलांना वेगळंच शिकवलं होतं.

"तुम्हाला लॅटिन कुणी शिकवलं हो? चर्चच्या घंटेनं?" सरांनी टोमणा मारला.

"माझे काका फादर आहेत, त्यांनी. मूळ शब्द 'सिन्केरस', म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेला. त्यात मेणाचा काही संबंध नाही." तिनं कपाटातला जाडजूड व्युत्पत्तिकोश टेबलावर आपटला. "बघा."

पान उघडलं आणि ती थबकली. शब्दाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मेणाची गोष्ट निराधार. वर्गात सांगणं थांबवावं.' अक्षर सरांचंच होतं. खाली एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख होती.

सरांनी त्या ओळीवर तळहात ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "लोपीसबाई, तुम्हाला कायम करायच्या कागदावर माझी सही व्हायचीय ना अजून?"

बाकीचे मान खाली घालून पेपर तपासत राहिले. मग तिनं सरांचा हात बाजूला केला आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते सगळं वाचलं, तारखेसकट.