एका तासाचा धडा

"परत अडकलं," बोंगसिकने कानातले इयरफोन काढत सांगितलं.

गुमोकने कपाळाला हात लावला. "अहो, एका तासाचा धडा! तीन आठवडे झाले."

सोफ्यावर बसलेला तिचा थोरला भाऊ ह्यॉन्ते मोठ्याने हसला. "एकतीस वर्षं या देगू शहरात बस चालवली, आणि जावईबुवांना एक व्हिडिओ शेवटच्या थांब्यापर्यंत नेता येत नाही!"

ह्यॉन्तेच्या मते शेअर बाजार आता आपटणार होता. बाजार जेवढा पडेल त्याच्या दुप्पट वर जाणारा एक फंड होता. बोंगसिकने निवृत्तीचे सगळे पैसे त्यात घालावेत, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. स्वतःचे तर घातलेच होते. पण असा फंड घ्यायचा तर आधी ऑनलाइन धडा पुरा करून एक क्रमांक मिळवावा लागे. त्याशिवाय खरेदी होतच नसे.

"मी बसू का शेजारी?" ह्यॉन्तेने विचारलं.

"नको दादा. शेजारी कुणी असलं की मला काही सुचत नाही."

भावासमोर नवरा मठ्ठ ठरतो, हे गुमोकला बोचायचं. पण सगळी पुंजी एकाच डावावर लावायची म्हटलं की ती बँकेचं पासबुक पुन्हा पुन्हा उघडून बघायची. ह्यॉन्तेला नाही म्हणणं मात्र त्या घरात कुणालाच जमलं नव्हतं. आईवडिलांमागे त्यानेच तिला वाढवलं होतं.

बाजार पडला नाही. चढला, आणि चढतच राहिला.

महिन्याभराने ह्यॉन्ते आला, तो दारात बूट काढत बराच वेळ वाकून राहिला. गुमोकने शिंपले घातलेल्या गरम काल्गुक्सूचा वाडगा पुढे ठेवला. त्याने शेवया नुसत्याच ढवळल्या.

"अर्ध्याहून जास्त गेले," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही."

बोंगसिकने आपल्या वाडग्यातले शिंपले उचलून त्याच्या वाडग्यात घातले. "आधी खा, दादा. मग मी येतो बरोबर. वहिनींना दोघं मिळून सांगू. लपवू मात्र नका."

ह्यॉन्तेचे डोळे भरून आले. "तुझ्या मठ्ठपणाने तारलं रे तुला."

"डोकं असतं तर बस कशाला चालवली असती?" बोंगसिक म्हणाला, आणि तिघेही हसले.

दोघे गेल्यावर गुमोक जमिनीवरच पाय पसरून बसली. कित्येक आठवड्यांनी तिने मोकळा श्वास घेतला. देवा, बरं झालं, असाच नवरा दिलास. मग तिला वाटलं, अर्धवट राहिलेल्या धड्याची फी तरी परत मिळते का बघावं. तिने धडा देणाऱ्या संस्थेत फोन लावला, नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख सांगितली.

"फी?" पलीकडची मुलगी गोंधळली. "काकू, यंदा त्यांनी फी भरलेलीच नाही. त्यांचा धडा चार वर्षांपूर्वीच पुरा झालाय. क्रमांकही तेव्हाच दिलाय."

"अगं, पण रोज तर ते बसायचे..."

"मध्यंतरी त्यांचा फोन आला होता खरा. तो क्रमांक कायमचा रद्द करून टाका, पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, म्हणून फार विनवत होते."