पाव अँपिअर

स्विच बंद होता, बल्ब काढून कोनाड्यात ठेवला होता, तरी मीटरची चकती फिरतच होती. कोंढा गावात वीज आली, तेव्हा चंद्रकलेनं याच बोर्डाला हौसेनं हळदकुंकू लावलं होतं. आता रांगत्या वच्छीला ती भिंतीजवळ फिरकू देत नव्हती. कुठं वायर उघडी असली तर?

तिचा मावसभाऊ नत्थू वायरमन होता. भर दुपारी तो वीज मोजायचं काट्याचं यंत्र घेऊन आला आणि त्यानं ते मीटरच्या वायरीला जोडलं.

"काहून घाबरून राहिली, बाई? हिशेब सोपा आहे. दोनशे तीस व्होल्ट, पाव अँपिअर. गुणलं तं साठेक वॅट. एक बल्ब जळून राहिला समज."

"बल्ब तं काढला ना, भाऊ!"

त्यानं सगळी वायर तपासली. उघडी कुठंच नव्हती. मग त्यानं व्होल्टला अँपिअरनं भागलं आणि त्याचं हसू मावळलं.

"नऊशे वीस ओहम. विजेला इतका अडथळा ओल्या हातानं तार धरल्या मानसाचा असते."

"घरात तं आपनच आहो. कोन धरंल?"

"अन् इतकी वीज गेल्यावर मानूस जगत नाही, बाई."

चंद्रकलेला काही उमगेना. न जगणारा माणूस तार धरून कसा राहील?

तेवढ्यात काटा शून्यावर आला. चकती थांबली.

"सोडली," नत्थूनं घाम पुसला. "ज्यानं धरली होती, त्यानं सोडली."

मागं वच्छी खिदळली. चंद्रकला वळली. रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून, उचलून घे म्हणून, वच्छीनं दोन्ही हात वर केले होते.