मागची बारीक अक्षरं

“तुमच्या वडिलांना आता पथ्य नको. मागतील ते द्या,” डॉक्टर जाताना हळूच म्हणाले.

शलाका तशीच कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. सहा वर्षं याच फ्रीजपाशी ती अप्पांच्या हातातला बटरस्कॉच आइस्क्रीमचा डबा काढून घ्यायची, मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायची, “शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम साखर,” आणि डबा परत ठेवायची. अप्पा मुकाट चालू लागायचे. आज तिनं न वाचताच डबा उचलला.

घरी येऊन तिनं पहिला चमचा अप्पांच्या ओठांशी नेला, तशी त्यांनी मान फिरवली. “आधी मागचं वाच. साखर किती?”

तिनं डबा डोळ्यांसमोर धरून वाचल्यासारखं केलं. “अजिबात नाही, अप्पा.”

अप्पांनी डोळे मिटून आइस्क्रीम जिभेवर विरघळू दिलं.

“मग हे आधी का नाही गं आणलंस?”