देशी घोळ

मुकुंदरावांनी बंगल्यापुढचं परदेशी लॉन काढून टाकलं, तीन महिने पुस्तकं धुंडाळली आणि जमीन झाकायला अस्सल देशी घोळ लावली. जाडजूड, रसरशीत पानांचा असा गालिचा पसरला, की कॉलनीच्या बागस्पर्धेत पहिला नंबर आपलाच, म्हणून ते मिशीला पीळ भरत फिरू लागले.

स्पर्धेच्या सकाळी परीक्षकांना आणायला निघताना, धुळ्याहून राहायला आलेल्या सासूबाईंना ते म्हणाले, "आई, बागेत कुठे तण दिसलं तर तेवढं काढाल?"

"त्यात काय, जावईबापू! निवांत जा."

तासाभराने दोघा परीक्षकांना घेऊन ते परतले, तर समोर नुसती माती.

"आई, अहो, माझी घोळ?"

"केवढी माजली होती हो! मुळासकट उपटली," स्वयंपाकघरातून अभिमानाने उत्तर आलं. सासूवर ओरडणार तरी कसं?

परीक्षकबाईंनी वही उघडली. "मग जमीन झाकणारी झाडं कुठायत?"

मुकुंदराव तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई लसणाच्या फोडणीचा घमघमाट घेऊन कढईसकट दारात आल्या.

"ही काय, झाकूनच ठेवलीय," झाकण उचलत त्या म्हणाल्या. "बसा, भाकरी टाकते."