हरणीचा डोळा

उद्या कॉलेजचा फॉर्म द्यायचा होता, आणि जीवशास्त्र की पदार्थविज्ञान, ही एकच ओळ शालननं कोरी ठेवली होती. गेल्या साली डॉक्टर वेळेत न मिळाल्यानं म्हैस दगावली, तेव्हापासून आबांनी मनात घेतलं होतं: पोरगी जनावरांची डॉक्टर होणार. सूर्य रंकाळ्याकडं कलला तेव्हा आबा दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर हरणी म्हशीची धार काढत होते आणि शालन तिच्या तोंडाशी उभी होती. म्हशीच्या काळ्याभोर डोळ्यात अख्खा कट्टा मावला होता, तांबूस आभाळासकट. एवढ्याशा डोळ्यात एवढा उजेड शिरतो तरी कसा? ‘काय बघतीयास गं?’ ‘आबा, ह्यात तुमी दिसतायसा. बोटाएवढं.’ धार थांबली. ‘दम धरा, पावणं,’ म्हणत आबा जन्मात पहिल्यांदाच त्या डोळ्यासमोर वाकले. बघतच राहिले. ‘ह्ये कशात शिकवत्यात?’ ‘पदार्थविज्ञानात.’ ‘मग त्येच लिव्ह. म्हशी बघायला मी हाय की.’