किरकोळ

"किरकोळ म्हणजे नक्की काय हो?" नर्सने विचारलं.

दुपारपाळीवर जाता जाता ती गणवेशातच त्याच्या ऑफिसात आली होती. हातात घडी घातलेला कागद. दीड महिन्यापूर्वी तिनेच पाठवलेली तक्रार, खाली एका ओळीचं उत्तर, त्याखाली त्याचं नाव.

लिनक्सची एक संगणकप्रणाली तयार करणाऱ्यांपैकी तो एक. तिच्यात शेकडो पॅकेजं, म्हणजे छोटेमोठे प्रोग्राम, एकमेकांच्या खांद्यावर उभी. त्यातलं आकडे छापणारं एक इवलंसं पॅकेज त्याच्याकडे होतं. त्या पॅकेजवर आणखी एक्केचाळीस विसंबलेली. तिने लिहिलं होतं, आमच्या इस्पितळात ही प्रणाली आहे, तिच्यातून छापलेल्या औषधाच्या चिठ्ठीवर कधीकधी दशांशाचं टिंब उमटत नाही.

त्याने ते नीट वाचलं होतं. 'गंभीर' असा शेरा मारला की वापरणाऱ्या प्रत्येकाला इशारा जातो आणि दोष निघेपर्यंत ते पॅकेज नव्या आवृत्तीतून बाहेर. त्याच्यामागे ती एक्केचाळीसही. आवृत्ती नऊ दिवसांवर आली होती. प्रमुख, ज्यांना सगळे पाठीमागे 'घड्याळ' म्हणत, त्याच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "एका टिंबापायी सुक्याबरोबर ओलंही जाळायचं? किरकोळ कर. पुढच्या खेपेला बघू."

त्याने केलं. आवृत्ती वेळेवर निघाली.

"नियमात व्याख्या आहे," तो आता चाचरत म्हणाला. "ज्याने काम अडत नाही, असा दोष."

"काम नाही अडलं," ती म्हणाली. "मंगळवारी अडीचाच्या जागी पंचवीस छापून आलं. नवी मुलगी होती. कागदावर होतं तेवढं औषध तिने दिलं."

तो पडद्याकडे वळला.

"माझ्या पाळीला मी प्रत्येक चिठ्ठी हाताने तपासायचे. मेट्रनना सांगितलं, सगळ्यांनाच तपासायला लावा. तर त्या म्हणाल्या, बनवणारेच किरकोळ म्हणतायत, तू कशाला डोकं फोडतेस? मंगळवारी माझी सुट्टी होती." तिने कागद टेबलावर ठेवला. "ज्यांना ते औषध दिलं, त्या बाई बुधवारी घरी जायच्या होत्या. लेकीने पलंगाखाली चपला आणून ठेवल्या होत्या."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं, कुठल्यातरी वेगळ्याच गोष्टीला.

त्याने तिची तक्रार उघडली. शेऱ्याच्या रकान्यावर टिचकी मारली. पाच शब्दांची यादी उलगडली. त्याने वरून दुसरा निवडला आणि बटण दाबलं.

"हे काय केलंत?"

"गंभीर केलं, ताई. आता सगळीकडे इशारा जाईल."

"गेला?"

"गेला."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग त्याच्या बोटांकडे.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.